मानाचा मध

भिमाजीला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. पेरणी झाली की तिसऱ्या दिवशी हा माती उकरून बी रुजलं का ते बघणार. तव्यावरची भाकरी फुगायच्या आत उचलून बघणार, आणि मग ती फुगली नाही म्हणून बायकोवर डाफरणार. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, घोडनदीच्या खोऱ्यातल्या त्या वाडीत त्याची ही खोड सगळ्यांना पाठ होती आणि लोक हसून सोडून देत. पण अशा माणसाच्या घरात बापाकडून मधमाश्या आल्या होत्या, आणि सातेरी माशीला कशाचा राग येत असेल तर सारखं उघडून बघणाऱ्याचा. फार छळलं तर ती डसत बसत नाही. सगळं बिऱ्हाड उचलते आणि रानात निघून जाते.

माश्यांचे मातीचे डेरे घराच्या मागच्या भिंतीत आडवे बसवलेले होते. डेऱ्याच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक, ते घराबाहेरच्या अंगाला. माश्या तिथून ये-जा करायच्या. डेऱ्याचं तोंड माजघरात, त्यावर लाकडी झाकण आणि कडेनं शेणमातीचं लिंपण. भोकाच्या बाजूला माश्या पिलं वाढवायच्या आणि आत, तोंडाकडे, मध साठवायच्या. भिमाजीचा बाप वैशाखात हिरड्या-जांभळाचा फुलोरा सरला की शेणकुटाचा थोडा धूर देऊन झाकण काढायचा, मधाची अर्धी पोळी कापायचा आणि अर्धी तशीच ठेवून पुन्हा लिंपून टाकायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. भिमाजीनं त्याला जगातलं सगळं विचारलं, नेमकं एवढंच विचारलं नव्हतं.

त्या मधातला तांब्याभर देवाचा असायचा. वाडीखाली ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ होतं आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पिंडीवर जो मध चढायचा तो भिमाजीच्या घरचा. हा मान त्याच्या पणज्यापासून चालत आलेला. वैशाखात तांब्या गळ्यापर्यंत भरायचा, तोंडाला फडकं बांधून वरून मेण ओतायचं आणि देव्हाऱ्यात ठेवायचा. मेण ओतलं की तो मध घरचा राहिला नाही, देवाचा झाला. मग घरात कुणी मरायला टेकलं तरी त्यातलं बोटभर काढायचं नाही. शेवटच्या सोमवारी घरच्या कर्त्यानं तो अनवाणी पायांनी देवळात न्यायचा. ज्या वर्षी तांब्या भरणार नाही त्या वर्षी मान चुलतघरी जाणार, आणि गेलेला मान परत येणार नाही, हेही ठरलेलं. चुलतभाऊ रखमाजी वर्षानुवर्षं त्याची वाट बघत होता, आणि बघतोय हे लपवतही नव्हता.

प्लेगाची साथ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. भिमाजीची एकुलती लेक भागू आळे गावी दिलेली. साथीच्या धामधुमीत लग्न उरकलं, पोरीला ना धड भांडं दिलं ना लुगडं. माघात ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आबा, मला दुसरं कायबी नको. माश्यांचे दोन डेरे द्या. तिकडं मळ्यात कांद्याचं बी धरत्यात, करडई हाय, लई फूल असतंय. पर घरात माशी न्हाई. मला करमत न्हाई."

भिमाजीनं मागचापुढचा विचार न करता शब्द दिला. "दिवाळीला दोन नांदते डेरे तुज्या दारात," म्हणाला.

घरात डेरेच मुळी दोन होते.

पण त्याला धीर होता तो कारवीचा. कारवी सात वर्षं नुसती पानं घेऊन उभी राहते आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम फुलतो. भाद्रपदात पार भीमाशंकरापर्यंतचे कडे जांभळे होतात आणि माशीला मध ठेवायला जागा पुरत नाही. भिमाजीनं बोटं मोजली, यंदा आठवं. झालं, त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. भागूचे दोन, घरचे दोन, आणि वर एखादा असला तर कारवीच्या मधाला घरातली भांडी पुरायची नाहीत, असं तो उठता-बसता बोलायला लागला.

फाल्गुनात त्यानं डेरे वाढवायला घेतले. माशी जोमात आली की पोळ्याच्या कडेला नव्या राणीची घरं धरते, शेंगदाण्याएवढी, लोंबती. तसलं घर असलेलं पिलांचं पोळं अलगद कापायचं, केळीच्या सोपटानं काडीला बांधायचं, नव्या डेऱ्यात बसवायचं आणि जुन्यातल्या माश्या ओंजळीनं त्यावर सोडायच्या. नवी राणी बाहेर आली की नवं घर नांदायला लागलं. भिमाजीचा हात या कामात खरंच चांगला होता. त्याच्या चुळबुळ्या बोटांना हे एक काम मानवायचं. दोनाचे पाच झाले. पाचही भोकांतून माश्या ये-जा करायला लागल्या आणि भिमाजी वाडीभर सांगत सुटला.

"घरं पाच केली, पर मानसं व्हती तेवढीच हायत," त्याची बायको कुशाबाई म्हणाली. ती फार बोलायची नाही, पण बोलायची ते वर्मी लागायचं. "मध कोन आननार?"

"अगं, कारवी हाय की!"

वैशाखात झाकणं काढली तेव्हा तिचं बोलणं खरं ठरलं. वाटून गेलेल्या माश्यांचं सगळं बळ पिलं वाढवण्यात गेलं होतं. एकाही डेऱ्यात नेहमीसारखा मध नव्हता. बापाच्या रीतीनं अर्धा कापला असता तर तांब्या जेमतेम निम्मा भरला असता. भिमाजीनं सगळा कापला. जुन्यातला कापला, नव्यातलाही कापला, अगदी पिलांच्या कडेपर्यंत. कारवीच्या साली माशीचं भरून यायला कितीसा वेळ, असं तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणत होता. तांब्या गळ्यापर्यंत भरला, मेण ओतलं, आणि कुशाबाईनं हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला.

त्यानं हिशेबात धरला नाही तो पाऊस. मृग लागल्यापासून भाद्रपदापर्यंत त्या डोंगरात आभाळ उघडत नाही, आणि पावसात माशी बाहेर पडत नाही. घरात असेल तेवढ्यावर ती दिवस काढते. बाप अर्धी पोळी का ठेवायचा, हे भिमाजीला आषाढात कळलं, म्हणजे कळून काही उपयोग नव्हता तेव्हा.

डेऱ्यांची घूंघूं बारीक होत गेली. पाऊस भिंतीवर बदाबदा आदळायचा आणि भिमाजी माजघरात येरझाऱ्या घालायचा. सकाळी लिंपण फोडायचा, बघायचा, पुन्हा लिंपायचा. दुपारी पुन्हा तेच. जेवताना अर्ध्या घासावरून उठून जायचा.

"निजलेल्या लेकराचं पांघरून घडोघडी काढून बघतं का कुनी?" कुशाबाई करवादली. "गार वारं जातंय त्यांच्यावर."

"बघू नको तर काय करू?"

"कायबी करू नगा. तेच तर तुमाला जमत न्हाई."

नागपंचमीला भागू आली. ओलं लुगडंही न बदलता तिनं एकेका झाकणाला कान लावला. शेवटच्या डेऱ्यापाशी ती जरा जास्तच वेळ थांबली.

"आबा, हितं कायबी वाजत न्हाई."

भिमाजीनं झाकण ओढलं. पोळी जागच्या जागी होती आणि कोरडी ठणठणीत. माश्या राणीसकट भर पावसात निघून गेल्या होत्या. तळाशी तेवढ्या मूठभर मरून पडल्या होत्या. भागू रागावली असती तर बरं झालं असतं. भिमाजीला इतकी लाज वाटली की त्याला लेकीकडे बघवेना.

घरात बसवेना म्हणून दुसऱ्या दिवशी मिठाचं निमित्त काढून तो घोडेगावला गेला. तिथं लालचंद शेठजींचं दुकान होतं. आजोबांच्या वेळी मारवाडातून आलेलं जैन घर, आता सगळी बोली मराठीच. शेठजी डोंगरातला हिरडा घेत, शिकेकाई घेत, पण मधाचं मडकं दुकानाच्या पायरीवरसुद्धा टेकू देत नसत. मध खाणं त्यांच्यात पाप. शेठजी बाहेरगावी गेलेले. पडवीत त्यांची आई धापूबाई वाकून जमिनीवर काहीतरी घालत होती. भिमाजीनं बघितलं तर मुंग्यांची रांग होती, आणि म्हातारी तिच्या कडेनं चिमूट-चिमूट पीठ आणि साखर टाकत होती.

"पावसात त्यांची बिळं बुडतात," ती न विचारताच म्हणाली. "जातील कुठं? चातुर्मासभर घालते मी."

"आमच्या माश्याबी उपाशी मराय लागल्यात, बाईसाहेब." भिमाजीच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीचा हात थांबला. "माशी कशी उपाशी मरेल? ती तर आधीच साठवून ठेवते."

"ठेवलं व्हतं. म्या काढलं."

"सगळं?"

भिमाजी मुंग्यांकडे बघत उभा राहिला.

"मग माझ्याकडं काय गाऱ्हाणं आणलंस? ज्यानं काढलं त्यानं घालावं." तिनं डब्यातली साखर फडक्यात घेऊन पुरचुंडी बांधली आणि त्याच्यापुढं धरली. "ही मुंग्यांच्या वाटणीची आहे. पाण्यात विरघळवून दे. आणि पुन्हा कुणाच्या ताटातलं ओढलंस तर माझ्या दाराशी सांगायला येऊ नकोस."

भिमाजीनं साखरेचं पाणी करवंटीत ओतलं, माश्या बुडू नयेत म्हणून वर गवताच्या काड्या टाकल्या आणि प्रत्येक डेऱ्याच्या तोंडाशी एकेक करवंटी सरकवली. माश्या काड्यांवर उतरल्या. दोन दिवसांत चारही डेऱ्यांचा आवाज वर आला, भागू हसली, भिमाजीनं पोटभर भाकरी खाल्ली. मग पुरचुंडी संपली. तोवर ओढे फुगले, नदी दुथडी भरून निघाली आणि घोडेगावची वाट बंद झाली. घरात गुळाची ढेप होती, ती त्यानं कालवून घातली. गूळ माश्यांना सोसला नाही; त्यांना हगवण लागली, पोळी घाण झाली आणि आधीपेक्षा जास्त माश्या मेल्या. भिमाजीनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. पुन्हा आवाज बसला.

रखमाजीकडे मध होता. पण श्रावणात त्याच्या दारात मधाला जायचं म्हणजे मान त्याच्या पायावर नेऊन घालायचा, आणि वर तो हसून नाही म्हणणार ते वेगळंच.

शेवटचा सोमवार चार दिवसांवर आला. त्या दुपारी भिमाजी भिंतीपासून देव्हाऱ्यापर्यंत आणि देव्हाऱ्यापासून भिंतीपर्यंत फिरत होता. भागूला त्याच्या मनातलं कळलं असावं.

"आबा, मला डेरे नगंत," ती म्हणाली. "म्या सोडला तुमचा शब्द. देवाचं देवाला जाऊ द्या. माश्या काय, पुन्यांदा रानातनं धरून आनता येतील."

हेच कुणीतरी म्हणावं म्हणून तो दोन दिवस तडफडत होता. आता ती म्हणाली तर त्याला आणखीनच कसंतरी झालं. सुटका झाली होती; मान राहणार होता, लेक रागावणार नव्हती. फक्त भिंतीत जे बारीक घुंघत होतं ते थांबणार होतं. त्यानं कान लावला. घरात इतकी वर्षं तो आवाज होता की तो नसलेलं घर कसं असेल हे त्याला माहीतच नव्हतं.

तो सरळ देव्हाऱ्याकडे गेला आणि तांब्या उचलला.

कुशाबाई चुलीपुढून धावत आली आणि आडवी उभी राहिली. "अवं, हात लावू नगा! ते आपलं न्हाई."

"आपलं न्हाईच. त्यांचं हाय."

"देवाचं हाय! मेन वतलंय त्याच्यावर."

"देवाला म्या कुठनं दिलं? त्यांच्या तोंडातनं काढून दिलं. देव एक सोमवार मधाबिगार ऱ्हाईल, त्याला काय व्हत न्हाई. ह्या मरतील, कुशे."

"पनज्यापासनं चालत आलंय. लोक तोंडात शेन घालतील तुमच्या."

"घालू दे."

"आन मला? मी कुठल्या तोंडानं पान्याला जाऊ?"

त्यानं कोयत्याच्या टोकानं मेण फोडलं. आपण पाप करतोय याची त्याला खात्री होती, आणि तरी हात थांबत नव्हता. कुशाबाई भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं रडायला लागली. भागूनं न सांगता करवंट्या धुऊन आणल्या आणि बापापुढं ठेवल्या.

देवाचा मध चार दिवस पुरला. भिमाजी दिवसातून एकदाच झाकण काढायचा, करवंटी भरायचा आणि लगेच लिंपून टाकायचा. रविवारी तांब्याच्या तळाचं त्यानं कोमट पाण्यानं धुऊन घातलं. चारही डेरे भरदार आवाजात बोलत होते.

सोमवारी तो अनवाणी निघाला. तांब्या तोच, घासून लखलखीत केलेला, फडकं बांधलेला, आणि रिकामा. पाय घसरला, तांब्या सांडला, असं सांगता आलं असतं. वाट निसरडी होती आणि कुणालाही पटलं असतं. पण खोटं बोलायला क्षणभर थांबून जुळवाजुळव करावी लागते, आणि थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सोमाजी गुरवानं गाभाऱ्यातून हात पुढं केला तसा तो म्हणाला, "रिकामा हाय."

ढोल थांबला. वाडीतले वडीलधारे गेणभाऊ पुढं आले. "मध काय केला, भिमाजी?"

"माश्यांना घातला."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं देऊळ हसायला लागलं. गेणभाऊ हसले नाहीत. "देवाचा मध माश्यांना?"

"उपाशी व्हत्या."

रखमाजीनं घोंगडीखालून मधाचा गडवा काढला. तो दरवर्षी असा भरून आणायचा आणि दरवर्षी परत न्यायचा. गेणभाऊंनी भिमाजीच्या हातातला तांब्या घेतला. तांब्या मानाबरोबर जायचा. तो रखमाजीच्या हातात गेला, त्यात मध ओतला गेला, ढोल पुन्हा सुरू झाला. भिमाजीला वाटलं होतं की आपल्याला काही वाटणार नाही, कारण ठरवून केलंय. पण बापाचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. तो गर्दीतून वाट काढत बाहेर पडला आणि घरापर्यंत पळत गेला.

भाद्रपदात ऊन पडलं आणि कारवी फुलली. ज्यांनी तो डोंगर बघितलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून पटणार नाही. चारही भोकांपाशी माश्यांची रीघ लागली. भिमाजीचे हात शिवशिवायचे. मग तो मुद्दाम रानात निघून जायचा, लाकडं फोडायचा, बांध घालायचा, शेजाऱ्याचेसुद्धा. आश्विनात त्यानं जुने दोनच डेरे उघडले आणि त्यांतली अर्धीच पोळी कापली. त्या अर्ध्यातच घरातली दोन मडकी भरली. भागूच्या दोन नव्या डेऱ्यांना त्यानं सुरीच लावली नाही. दिवाळीत ते ओल्या फडक्यांत गुंडाळून कावडीनं आळ्याला नेले आणि तिच्या भिंतीत बसवले. भागू त्याच्या पाया पडली तेव्हा त्यानं तिला उठवलं आणि लगेच परतीची वाट धरली. तिनं सोडून दिलेला शब्द पाळायला त्यालाच आवडलं होतं, पण ते सांगायची त्याला लाज वाटली.

घरी आला तर कुशाबाईनं वाटीभर मध काढून ठेवला होता. श्रावणापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

"देवाला देऊन या," ती म्हणाली.

"मान गेला की आपला."

"मला ठावं हाय. मरेस्तवर सलनार हाय ते मला." तिचे डोळे भरले, पण वाटी तिनं मागं घेतली नाही. "तरीबी देऊन या."

कार्तिकातला साधा बुधवार होता. देवळात सोमाजी गुरव एकटाच झाडलोट करत होता. भिमाजीच्या हातातली वाटी बघून तो अवघडला.

"हा कशाचा, भिमाजी? मानाचा तर झाला. तो आता रखमाजीचा."

"कशाचा न्हाई. नुस्ता मध हाय."

सोमाजीनं दाराकडे एकदा बघून घेतलं, वाटी हातात घेतली आणि पिंडीवर पालथी केली. ढोल नव्हता, माणसं नव्हती, कोण बघतंय हे बघायलाही कुणी नव्हतं. इतकी वर्षं भिमाजी तांब्या दिला की छाती काढून लोकांकडे तोंड करून उभा राहायचा. मध पिंडीवरून कसा उतरतो ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. कारवीचा मध दाट. तो सावकाश उतरत होता, आणि खालच्या शाळुंकेत पोचेपर्यंत भिमाजी जागचा हलला नाही. मग घरी जाताना ओढ्यापाशी त्याला रडू कोसळलं. गेलेल्या मानासाठी की आणखी कशासाठी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.